लाल टिकली, हिरवी टिकली: परभणीच्या एका गेमिंग पार्लरमधलं प्रकरण

परभणीत वसमत रोडला माझ्या दाजींचं छोटं गेमिंग पार्लर आहे. सहा मशीन, एक मोठा पाण्याचा कूलर आणि दाराशी चपलांचा ढीग. कृषी विद्यापीठाची पोरं संध्याकाळी येतात, शाळेची पोरं सुट्टीत दिवसभर. सहाही मशीन एकाच साच्यातल्या आहेत: इंटेलचा आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, छोटी एसएसडी. फरक फक्त ग्राफिक्स कार्डाचा. तिघांत एएमडीचं आरएक्स ५८०, ८ जीबीवालं; तिघांत एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०, ६ जीबीवालं. सगळी कार्डं सेकंडहँड. दाजींनी ओळखीसाठी कॅबिनेटवर टिकल्या चिकटवल्या होत्या, एएमडीला लाल आणि एनव्हिडियाला हिरवी.

भांडण या टिकल्यांवरूनच सुरू झालं. पोरं म्हणायची, "दादा, लाल मशीन नको, अटकायलंय." हिरवी रिकामी व्हायची वाट बघत पोरं बाकड्यावर बसायची आणि लाल मशीन नुसत्याच चालू राहायच्या. अक्षय्य तृतीयेला मी गावी गेलो, तेव्हा दाजींनी निर्णय जवळपास घेऊनच टाकला होता. एक व्यापारी तीन लाल कार्डं परत घेऊन वर पैसे घेऊन हिरवी द्यायला तयार होता.

"पाव्हणं, तुम्ही कंपनीत हेच करता ना? सांगा, लाल काढून टाकू का?"

मी कंपनीत हे करत नाही, पण दाजींच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर. मी म्हटलं, "पैसे घालायच्या आधी मला तीन सकाळी द्या."

माझा संशय असा होता: कागदावर ही दोन कार्डं बरोबरीची आहेत. १०६० हे २०१६चं, १२८० कोअरचं (कोअर म्हणजे आतले हिशेब करणारे भाग). ५८० हे २०१७चं, २३०४ कोअरचं. दोन कंपन्यांचे कोअर एकमेकांशी मोजता येत नाहीत, पण बाजारात ही दोन्ही एकमेकांसमोरच उभी केलेली होती. मग एक सरसकट मागे का पडावं? आणि खरंच सरसकट पडतंय का? पोरांना नीट विचारलं तेव्हा कळलं, की तक्रार मुख्यतः माइनक्राफ्ट आणि जीटीए फाइव्हची होती. "आणि डूम?" विचारल्यावर एक जण म्हणाला, "डूम तर लालवरच भारी चालायलंय, पण कोण खेळतंय ते."

माझ्यासाठी ते एक वाक्य पुरेसं होतं. गेमने ग्राफिक्स कार्डाला काम कसं सांगायचं याच्या ठरलेल्या पद्धती असतात, त्यांना इंटरफेस म्हणतात; ओपनजीएल, डायरेक्टएक्स आणि व्हल्कन ही त्यांची नावं. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती ओपनजीएलवर चालते. जीटीए फाइव्हची जुनी आवृत्ती डायरेक्टएक्स ११वर. २०१६चा डूम ओपनजीएलवर आला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याला व्हल्कनचा पर्याय मिळाला. म्हणजे पोरं ज्याला लाल आणि हिरवा म्हणत होती, तो वेगळ्याच गोष्टीतला फरक असू शकत होता.

कोठीघराचा कारभारी

दाजींना हे समजावताना मला लग्नाची पंगत आठवली. जुन्या पद्धतीच्या इंटरफेसमध्ये, म्हणजे ओपनजीएल किंवा डायरेक्टएक्स ११मध्ये, कोठीघराच्या दारात एकच कारभारी वही घेऊन बसलेला असतो. गेम म्हणजे वाढपी. प्रत्येक बादली त्याच्यासमोरून जाते. वरण की भात, कुठल्या ओळीत, आधीचं भांडं परत आलं का, हे सगळं तो तपासतो आणि मगच आत जाऊ देतो. हा कारभारी म्हणजे ड्रायव्हर, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. गेम लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं, कारण चूक झाली तर कारभारी सांभाळून घेतो. पण पंगत पाचशेची झाली की आचारी मोकळा बसतो, भात तयार असतो आणि दारात रांग लागते. इथे आचारी म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि दारातली रांग म्हणजे प्रोसेसरच्या एका कोअरवर पडलेला भार.

एनव्हिडियाने डायरेक्टएक्स ११साठी आपल्या कारभाऱ्याच्या हाताखाली दोन-तीन पोरं दिली. तिचा ड्रायव्हर हे काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटून घेण्यात वस्ताद आहे. एएमडीचा कारभारी बराच काळ एकटाच वही लिहीत राहिला. ओपनजीएलमध्ये तर विंडोजवरचा एएमडीचा ड्रायव्हर कित्येक वर्षं हळू म्हणूनच ओळखला जायचा.

मग २०१३मध्ये एएमडीनेच मँटल नावाचा इंटरफेस काढला आणि कारभाऱ्याचं बहुतेक काम वाढप्यांकडे सोपवलं. त्याच वाटेने २०१५मध्ये विंडोज १०बरोबर डायरेक्टएक्स १२ आला आणि मँटलच्याच पायावर ख्रोनॉस ग्रुपने फेब्रुवारी २०१६मध्ये व्हल्कन १.० जाहीर केला. आता प्रोसेसरच्या चार कोअरवरचे चारही वाढपी एकदम आत जाऊन बादल्या भरतात. मात्र कुठलं भांडं कधी रिकामं झालं, कोणाच्या आधी कोणी वाढायचं, याची जबाबदारीही त्यांचीच, म्हणजे गेम लिहिणाऱ्याची. ज्याने ती नीट घेतली नाही त्याचा गेम नव्या इंटरफेसवर जुन्यापेक्षाही हळू चालतो. असे गेम आहेत, त्यामुळे नवा तो चांगला असं डोळे झाकून म्हणता येत नाही.

दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आचारी सारखेच हायेत, कारभारी गंडलाय."

मला सिद्ध करायचं होतं ते नेमकं हेच.

पहिली सकाळ

लाल मशीन आणि हिरवी मशीन शेजारी ठेवून मोजणं चुकीचं झालं असतं. एकीची रॅम वेगळ्या कंपनीची, दुसरीचा पंखा धुळीने भरलेला. म्हणून दोन नंबरची मशीन उघडली आणि तिच्यातच आळीपाळीने दोन्ही कार्डं बसवली. पार्लर दहाला उघडतं; मी पाच वाजताच जाऊन बसलो, कारण मे महिन्यात परभणीत खोली त्याच वेळेला थंड असते. रिझोल्यूशन १०८०पी, व्ही-सिंक (चित्रांचा वेग पडद्याच्या वेगाला बांधणारी सोय) बंद, प्रत्येक चाचणी चार वेळा आणि पहिली फेरी मोजणीतून बाद. पहिली फेरी का बाद, ते पुढे येईलच. तेव्हा मला वाटलं होतं त्याहून त्यात बरंच काही निघालं.

नोंद घ्यायला इंटेलचं प्रेझेंटमॉन वापरलं. ते सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे पडद्यावर किती चित्रं, एवढंच न सांगता प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले ते लिहून ठेवतं. सरासरीवर विसंबू नये. साठ फ्रेमचा वेग म्हणजे दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. सगळ्या फ्रेम एवढ्यात आल्या आणि मध्येच एक शंभर मिलिसेकंदाची निघाली, तर सरासरी फारशी हलत नाही, पण खेळणारा "अटकलं" म्हणून टेबलावर हात आपटतो.

माइनक्राफ्टमध्ये लाल कार्ड खरोखरच खूप मागे पडलं, आणि तेव्हा कार्डाचा स्वतःचा भार निम्माही नव्हता. आचारी रिकामा, दारात रांग. मग मी ड्रायव्हरची आवृत्ती बघितली आणि कपाळावर हात मारला. तो २०२१चा होता. मशीन जोडून देणाऱ्याने पेनड्राइव्हमधून जो टाकला, तोच इतकी वर्षं चालत आला होता. एएमडीने ओपनजीएलचा ड्रायव्हर मुळापासून सुधारला तो जुलै २०२२मध्ये, २२.७.१ या आवृत्तीत. म्हणजे ज्या दुरुस्तीने ही तक्रार मिटली असती, ती फुकट उपलब्ध असूनही या मशीनपर्यंत पोचलीच नव्हती.

सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पुसला, ५८०साठीचा शेवटचा उपलब्ध ड्रायव्हर टाकला आणि पुन्हा मोजलं. माइनक्राफ्टमधलं अंतर एवढं कमी झालं की खेळताना टिकलीचा रंग ओळखता येईना. पुढे-मागे होतं, पण भांडण्याइतकं नाही.

जीटीए फाइव्हमध्ये मात्र तसं झालं नाही. शहराबाहेर डोंगरात दोन्ही कार्डं सारखी. शहरात गर्दीच्या रस्त्यावर लाल कार्ड मागेच राहिलं, ड्रायव्हर नवा असूनही. डायरेक्टएक्स ११, शेकडो वस्तू, आणि चार कोअरचा २०१३चा प्रोसेसर. इथे एनव्हिडियाच्या कारभाऱ्याची ती हाताखालची पोरं कामाला येतात. पोरांची ही तक्रार खरीच होती, आणि तसं मी दाजींना सांगितलं.

दुसरी सकाळ, आणि खरा चोर

डूममध्ये मेनूतूनच ओपनजीएल आणि व्हल्कन यांत बदल करता येतो, त्यामुळे तुलनेला तो फार सोयीचा. हिरव्या कार्डावर दोन्हींत फारसा फरक नव्हता. त्याचा जुना कारभारीच इतका तरबेज, की नव्या पद्धतीने त्याचं फार काही वाचलं नाही. लाल कार्डावर जुन्या ड्रायव्हरने मी आदल्या दिवशी मोजून ठेवलं होतं. तेव्हा व्हल्कन लावताच वेग साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढला होता. नव्या ड्रायव्हरवर ओपनजीएलच वर सरकल्यामुळे ती उडी लहान झाली, तरी व्हल्कन पुढेच राहिला. लाल कार्डाला इथे आणखी एक फायदा मिळतो. त्याच्या रचनेत चित्र काढण्याचं काम आणि नुसत्या गणिताचं काम शेजारी शेजारी चालवणारी वेगळी यंत्रणा आहे. जुन्या इंटरफेसना ती वापरताच येत नव्हती.

शॅडो ऑफ द टूम रेडर हा २०१८चा गेम मी मुद्दाम उतरवून घेतला. त्याच्या आतल्या चाचणीच्या शेवटी, गेम किती टक्के वेळ प्रोसेसरमुळे नव्हे तर खरोखर कार्डामुळे अडलेला होता हेही छापून येतं. डायरेक्टएक्स ११वर दोन्ही कार्डांची ही टक्केवारी अगदी कमी होती. डायरेक्टएक्स १२वर दोन्हींची चांगलीच वर गेली आणि फ्रेमही वाढल्या. या प्रोसेसरवर नवा इंटरफेस दोन्ही रंगांना उपयोगी होता. एवढं झाल्यावर मी खुशीत, की प्रकरण मिटलं.

दहाला पार्लर उघडलं. मी एका पोराला लाल मशीनवर डायरेक्टएक्स १२ लावून दिलं. दोन मिनिटांत तो म्हणाला, "दादा, हे तर जास्तच अटकायलंय."

मी शेजारी बसून बघितलं. खरंच अटकत होतं. नवा कोपरा आला की झटका, नवी जागा आली की झटका. सकाळी माझ्या तीन फेऱ्यांमध्ये यातलं काहीच दिसलं नव्हतं, कारण मी पहिली फेरी बाद करत होतो.

डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कनमध्ये कार्डासाठीची संपूर्ण पाइपलाइन, म्हणजे चित्र काढण्याच्या कामाची पूर्ण साखळी, शेडरसकट (रंग-उजेड ठरवणारे छोटे प्रोग्राम), आधी तयार करावी लागते. ते काम एकदा झालं की डिस्कवर साठवून ठेवलं जातं आणि पुढच्या वेळी तयार माल मिळतो. म्हणून घरच्या मशीनवर पहिला दिवस झटक्यांचा आणि नंतर सुरळीत. पण पार्लरच्या मशीनवर एक सॉफ्टवेअर टाकलेलं असतं, रीबूट केलं की सगळं जसंच्या तसं पूर्ववत करणारं. पोरांनी काहीही उतरवलं, व्हायरस आणला, तरी सकाळी मशीन कोरी. नेट कॅफेच्या काळापासूनची ही सवय आहे, आणि शहाणपणाची आहे. फक्त त्या झाडलोटीत शेडरचा साठाही रोज केरात जात होता. पार्लरमधला प्रत्येक दिवस हा गेमचा पहिलाच दिवस!

जुन्या इंटरफेसवरही शेडर तयार करावेच लागतात, पण तिथे झटके सौम्य होते. म्हणून कधीतरी कुणीतरी "डीएक्स १२ बेकार, ११च ठेवा" असं सगळ्या मशीनवर ठरवून टाकलं होतं. त्या निर्णयाचा सर्वाधिक तोटा लाल कार्डांना झाला. ज्या इंटरफेसवर ती दुबळी, त्याच्याचवर त्यांना कायमचं बसवलं गेलं.

उपाय साधा होता पण वेळखाऊ. पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर तात्पुरतं बंद केलं, प्रत्येक मशीनवर प्रत्येक गेम नव्या इंटरफेसवर अर्धा-पाऊण तास खेळवला आणि साठा भरल्यावर मशीन पुन्हा गोठवली. खेळवायला पोरं फुकट मिळाली, हे सांगायला नकोच. ड्रायव्हर किंवा गेम बदलला की हा साठा निकामी होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं, हे एका कागदावर लिहून काउंटरच्या आत चिकटवलं.

काउंटर-स्ट्राइक २वरही व्हल्कन लावून पाहिला. फायदा दिसला नाही, झटके वाढले, परत डायरेक्टएक्स ११वर आणलं. विंडोजवर त्याची मूळ वाट तीच आहे.

ऊन

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आमच्याकडे अभिमानाने म्हणतात. उन्हाच्या बाबतीत ते गंमत वाटत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजलेलं सगळं दुपारी दोनला पुन्हा मोजलं. दोन नंबरची मशीन कूलरसमोर होती, तिच्यात फार फरक पडला नाही. चार नंबरची कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. तिच्या १०६० कार्डाचा पारा ८३ अंशांना टेकला. त्या कार्डाची ठरवून दिलेली हद्द तीच. तिथून क्लॉक, म्हणजे कार्डाचा कामाचा वेग, खाली उतरू लागला. सकाळी डायरेक्टएक्स १२ने जे कमावलं होतं, ते दुपारी उन्हाने खाल्लं.

यात एक गोम आहे. जुन्या इंटरफेसवर कार्ड अर्धं रिकामं असतं, म्हणून थंड असतं. नव्या इंटरफेसने त्याला पूर्ण कामाला लावलं की ते तापतं. ज्या मशीनला हवा नाही तिथे डायरेक्टएक्स ११ आणि १२ दुपारी सारखेच दिसतील, आणि मोजणारा म्हणेल इंटरफेसने काही फरक पडत नाही. मी पहिल्याच दिवशी दुपारी चार नंबरवर मोजलं असतं तर हेच लिहिलं असतं.

कूलरचाही त्रास वेगळा. त्याची दमट हवा आणि वसमत रोडची धूळ मिळून हीटसिंकवर लिंपण बसतं. ब्लोअरने ते निघालं नाही, कार्डं उघडून ब्रशने घासावी लागली. चार नंबरला भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. लाल कार्डांचा व्होल्टेज एएमडीच्याच सॉफ्टवेअरमधून थोडा उतरवला. वेग तोच राहिला आणि पंख्यांचा गोंगाट कमी झाला.

दाजींना या सगळ्यात सर्वाधिक रस विजेच्या हिशेबात वाटला. ५८० हे १८५ वॅटचं कार्ड आणि १०६० हे १२० वॅटचं. फरक ६५ वॅटचा. तीन मशीन रोज दहा तास पूर्ण भाराने चालल्या तर दिवसाला जवळपास दोन युनिट, महिन्याला ५८ युनिट जास्त. हा खर्च खरा आहे आणि कुठल्याही इंटरफेसने जात नाही. नवीन घ्यायचंच असेल तर ही बाजू हिरव्याच्या पदरात जाते. पण असलेली कार्डं काढून टाकण्याइतकी ती मोठी नाही. दाजींनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं आणि व्यापाऱ्याला फोन लावून सौदा मोडला.

त्याच पैशांतल्या थोड्या भागात सहा मशीनना रॅमची दुसरी पट्टी आली. आधी ८ जीबीची एकच पट्टी असल्यामुळे मेमरी एकाच चॅनेलवर, म्हणजे ये-जा करायच्या एकाच वाटेवर, चालत होती. डीडीआर३ १६००ची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी देते, दोन मिळून २५.६. प्रोसेसरच अडत असलेल्या मशीनला हे आधीच करायला हवं होतं. शिवाय नवे इंटरफेस मेमरी जरा सढळ हाताने खातात, ८ जीबीत विंडोज धरून ते अडखळत होतेच. पट्ट्या बसवल्यावर झटके दोन्ही रंगांवर उतरले. सगळे आकडे पुन्हा घ्यायला हवे होते, पण माझी रजा संपली होती. फक्त टूम रेडर पुन्हा चालवून पाहिला.

शेवटी सहा डेस्कटॉपवर शॉर्टकट वेगवेगळे केले. लाल मशीनवर डूम व्हल्कनवर, टूम रेडर १२वर. हिरव्यावर टूम रेडर १२वर, डूम कशावरही. जीटीए खेळायला कुणी आलं आणि हिरवी रिकामी असली, तर दाजी त्यालाच बसवतात. नसली तर लालवर गर्दीची घनता कमी करून देतात. त्या गेमपुरतं लाल कार्ड मागेच आहे.

टिकल्या दाजींनी खरवडून काढल्या. त्या जागी भिंतीवर एक छापील कागद लावला: कुठला गेम कुठल्या नंबरवर. गेल्या आठवड्यात त्यांनी त्याचा फोटो पाठवला. खाली कुणीतरी पेनने लिहिलं होतं, "चार नंबरचा पंखा अजून वाजायलाय."